बाबांची खोली

प्रिय बाबा,

घर ठरलं. पण शहराबाहेरचं, तुमच्यासाठी वेगळी खोली असलेलं ते घर आम्ही घेतलं नाही.

एक दिवस तिथून ऑफिसपर्यंत गाडी चालवून पाहिली. परतताना सिग्नलवर माझा डोळा लागला. मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून वाचलो. हे तुमच्या सुनेला सांगितलेलं नाही. ती म्हणत होती, "बाबांना आपल्याशिवाय कोण आहे? हवं तर मी नोकरी बदलते, पण तेच घर घेऊ." मीच हट्टाला पेटलो. आता ती माझ्याशी धड बोलत नाही.

काल ऑफिसजवळच्या फ्लॅटच्या करारावर सही केली. दोन खोल्या, त्यात मुलं धरून आम्ही चौघं. चौथा मजला, लिफ्ट नाही. तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत.

संध्याकाळी तुमचा फोन आला. "घर झालं म्हणे! तुझ्या आईचा फोटो लावायला माझ्या खोलीत जागा आहे ना रे?"

माझ्या तोंडून "आहे" निघून गेलं.

"मग सामान बांधायला घेतो," म्हणालात आणि फोन ठेवलात.

बाबा, सामान बांधू नका. एवढंच लिहायला बसलो होतो. लिहून झालं, पण पाकीट चिकटवायला हात धजत नाही.

तुमचा,
धाकटा