चालती बेरिंग

३ मार्च, सोमवार

गाडीतून आवाज येतोय. टक टक टक. अॅक्सिलरेटर दाबला की वाढतो, सोडला की कमी होतो. चार महिने येतोय, पण तो ऐकायचा असं मी आज ठरवलं.

रोस्माइनी म्हणाली, चार महिने मी काय सांगत होते मग? बायकोला आवाज ऐकू येतो, मला निदान ऐकू येतं. फरक आहे.

निदान: कनेक्टिंग रॉडची बेरिंगं झिजली. रॉड चार, प्रत्येकाला बेरिंगच्या दोन फाका, अर्ध्या बांगडीसारख्या. आमच्याकडचे मेकॅनिक यांना 'चालती बेरिंग' म्हणतात, कारण ती क्रँकबरोबर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर, फिरत राहतात. क्रँकला जागेवर धरून ठेवतात ती 'बसती'. बसती ठीक आहेत. ऐकून सांगतो.

मुलीची, येल्वीची, बाळंतपणाची तारीख २८ मार्च. पहिलटकरीण. जावई बाताम बेटावर जहाजाच्या कारखान्यात, रजा मिळत नाही. काल फोनवर म्हणाला, आबा, तिला तुम्हीच गाडीतून दवाखान्यात न्या, आणि बाळाच्या कानात पहिली अजान माझ्या जागी तुम्हीच द्या. मला! या घरात मला कोणी पहिलं काही करायला सांगितलं, याला किती वर्षं झाली?

हातात पंचवीस दिवस. कामाला दोन पुरतील.

निश्चय: इंजिन स्वतः उघडणार. तीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढली आहेत. मी मिलीमीटरचा माणूस.

४ मार्च, मंगळवार

दातुक आला. म्हणजे रोस्माइनीचा थोरला भाऊ. कुळाचा मुख्य, डोंगरावर कोबीची शेती, दारात पिकअप. तोंडावर मी 'दातुक, या, बसा' म्हणतो. वहीत अहो-जाहो करणार नाही.

कॉफीच्या पानांचा कावा पीत पीत त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, सुतान (लग्नात मिळालेली माझी पदवी), गाडी शामसीरच्या गॅरेजात टाका, तीन दिवसांत देईल. पोरीला न्यायची काळजी करू नका, माझा पिकअप आहे.

माझी मुलगी कोबीबरोबर जाणार! मी शांतपणे सांगितलं, गरज नाही. तो म्हणाला, बघा बुवा.

घर बायकोचं, अंगण बायकोचं, पोरांवर शब्द मामाचा. आमच्याकडे रीतच आहे, तक्रार नाही. पण अंगणातली हिरवी १९८१ ची गाडी माझी आहे. तिच्यात काय चालायचं आणि काय बसायचं ते मी ठरवीन.

८ मार्च, शनिवार

काम सुरू. (बुध ते शुक्र विचार केला. विचार हेही काम आहे.)

जॅक लावला. तेल काढलं. तेलात चमचम दिसली, सोनेरी भुगा. सुंदर. रोस्माइनीला दाखवला. ती म्हणाली, हे आत असायला हवं होतं ना?

खालचं तेलाचं चेंबर उतरवायला तासभर धरला होता. साडेपाच लागले. एक बोल्ट आधीच्या कोणीतरी वाकडा बसवला होता. आधीचा कोणीतरी मीच, पण ते २००३ साली.

९ मार्च, रविवार

चारही रॉडच्या टोप्या काढल्या. बेरिंगं हातात आली. वरचा राखाडी थर गेलेला, खालचं तांबं उघडं. निदान शंभर टक्के बरोबर! ओरडलो. येल्वी पोट सावरत बाहेर आली, म्हणाली, आबा, लागलं का?

टोप्या ज्याच्या त्याच रॉडला परत लावायच्या असतात. अदलाबदल चालत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, १ ते ४. नंबर घालायची गरज नाही. ओळ म्हणजेच नंबर.

११ मार्च, मंगळवार

रोस्माइनीने वर्तमानपत्र ओढून घेतलं. मिरच्या वाळत घालायला कागद हवा होता म्हणे. टोप्या उचलून एका वाडग्यात ठेवल्या. चारही. एका वाडग्यात!

मी आवाज चढवला. ती म्हणाली, अंगण कोणाचं? संभाषण तिथे संपलं.

हरकत नाही. १ आणि ४ चेहऱ्यावरून ओळखल्या. २ आणि ३ जवळजवळ सारख्या आहेत, म्हणजे फरक पडण्यासारखं काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

मशिदीतून येताना शामसीर भेटला. वळणावर त्याचं गॅरेज आहे. विचारून घेतलं असं नाही, विषय निघाला. तो म्हणाला, नवी बेरिंगं घ्यायच्या आधी क्रँकची पिन, रॉड जिथे बसतो ती, तपासा. पिनवरून नख फिरवा. नख अडकलं तर पिनवर चरे पडलेत. मग क्रँक काढून लेथवर घासावा लागतो आणि बेरिंग एक नंबर जाड घ्यावं लागतं.

घरी येऊन नख फिरवलं. अजिबात अडकलं नाही. शुक्रवार असल्यामुळे नखं सकाळीच कापली होती, पण बोट तेच आहे.

निर्णय: स्टँडर्ड बेरिंग.

शामसीरने टॉर्क पानाही देऊ केला. किती जोर लावायचा ते त्यावर आकड्यात कळतं. मी म्हटलं, माझा हातच टॉर्क पाना आहे. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, कधी तपासून घेतला होता?

१५ मार्च, शनिवार

बेरिंगं आणली. बसवली. टोप्या आवळल्या. दोन नंबरला (किंवा तीन) जरा हातोडी लागली.

चेंबर लावण्याआधी रॉड हलवून पाहिले. डुगडुगतात. नवीन असून डुगडुगतात! आजकालच्या मालात दम नाही.

दातुक आला. गाडीखाली वाकून विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, चालती बेरिंग बसली. तो म्हणाला, आणि बसती कधी चालणार? आपल्याच विनोदावर पायरीवर बसून हसला. येल्वीही हसली. हसताना तिने पोट धरलं होतं, म्हणून तिला माफ केलं.

१६ मार्च, रविवार

उपाय सापडला. साधा आणि शास्त्रीय. सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. त्याची पट्टी कापून बेरिंगच्या पाठीला लावायची. जाडी वाढते, डुगडुग जाते. क्रँक घासा, लेथवर न्या, ही सगळी मेकॅनिकांची पोट भरायची कामं.

मी सिगरेट सोडली असं घरात सर्वांना वाटतं. कागद कुठून आला हे रोस्माइनीने विचारलं नाही, फक्त बघितलं.

पट्ट्या लावून आवळलं. डुगडुग बंद. हँडलने इंजिन फिरवून पाहिलं, फिरेना. दोन्ही हात लावले, एक पाय लावला, तेव्हा कुरकुरत फिरलं. घट्ट आहे. घट्ट म्हणजे चांगलं. नवं इंजिन घट्टच असतं.

बारा दिवस शिल्लक. उद्या आराम.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी सव्वादहा

गाडीखाली आहे. वही छातीवर ठेवून लिहितोय. चेंबरला गॅस्केटचा गोंद लावून वर धरलंय, एका हाताने. गोंद सुकायला एक तास.

रोस्माइनी आली. तिचे पाय दिसतात. म्हणते, येल्वीच्या पोटात कळा येतायत.

म्हटलं, तारीख २८ आहे.

ती म्हणाली, ते बाळाला सांगा.

म्हटलं, पाच मिनिटं.

सकाळी १०:४०

बोल्ट सहा लागले, आठ राहिले. पाय परत आले, आता चार. दोन येल्वीचे, सुजलेले. ती वाकून म्हणाली, आबा, मी थांबते, तुम्ही आवरा. मग तिने गाडीचा दरवाजा घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही. गाडी जॅकवर हलली.

रोस्माइनी म्हणाली, ती थांबेल हो, पोटातलं थांबणार आहे का? आणि फोन लावला. कोणाला ते मला ऐकू आलं.

१०:५५

पिकअप आला. कोबी उतरवायलाही वेळ नव्हता. दातुक खाली वाकला नाही, हसलाही नाही. फक्त म्हणाला, पोरी, पुढे बस, खिडकीशी.

गेले.

मीही निघतोच. आठच बोल्ट.

१८ मार्च, संध्याकाळ

क्रमाने लिहितो. नोंद नीट हवी.

१२:२० ला गाडी सुरू केली. पहिल्या झटक्यात नाही, नवव्या झटक्यात. पण आवाज नाही! टक नाही, टुक नाही. मुलायम. अंगणात मी एकटा होतो. कोणीतरी ऐकायला हवं होतं.

निघालो. दोन किलोमीटर. चढ. इंजिन शांत, मी शांत. तोंडातल्या तोंडात अजान म्हणून पाहिली. गळा चांगला लागत होता.

मग तेलाचा लाल दिवा लागला. दिवे जुन्या गाड्यांत लागतात. मग एक टक. एकच. मग इतक्या जोरात की रस्त्याच्या कडेला भाजी विकणाऱ्या बाईने टोपली उचलून मागे नेली. मग काहीच नाही. चाकं फिरतायत, इंजिन नाही. गाडी उतारावरून मागे आली आणि शामसीरच्या गॅरेजसमोर थांबली. मी वळवली, असं म्हणता येईल.

शामसीर बाहेर आला. मोटरसायकल काढली, म्हणाला, बसा.

दवाखान्यात पोहोचलो १:३५ ला. दारात नर्सने अडवलं. म्हणाली, काका, हात. कोपरापर्यंत काळे होते. साबण दिला. धुतले. पुन्हा धुतले. काळं जाईना. ती म्हणाली, लांबून बघा.

मुलगी. १२:५० ला झाली. तीन किलो शंभर. येल्वी बरी आहे.

अजान झाली होती. दातुकने दिली. रोस्माइनी म्हणाली, किती वेळ थांबायचं होतं? खरं आहे, थांबून चालत नाही.

मी लांबून बघितलं. गुंडाळलेली होती. कान दिसला नाही.

१९ मार्च, बुधवार

शांतपणे विचार केला. दोन किलोमीटर आवाज नव्हता. म्हणजे तत्त्व बरोबर होतं. तपशिलात कुठेतरी.

दातुकचा गळा खरखरीत आहे. मुलीला पुढे संगीताचा कान राहणार नाही, त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.

जावयाचा फोन. आनंदाने रडत होता. म्हणाला, आबा, तुमचे उपकार. अजान कशी झाली? मी म्हटलं, चांगली झाली.

खोटं नाही. चांगलीच झाली असणार.

२० मार्च, गुरुवार

शामसीरने इंजिन उघडलं. मला स्टुलावर बसवून एकेक वस्तू हातात दिली. तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत चंदेरी कागदाचा गोळा अडकलेला. तेल वर जाणंच बंद झालं. दोन नंबरची टोपी तीनला, तीनची दोनला. नवी बेरिंगं वितळून पिनला चिकटलेली. पिन निळी पडलेली.

ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, सुतान, मोजणी खात्यात तुम्ही काय मोजायचात?

त्याला उत्तर दिलं नाही. इथे लिहितो, इथे कोणी वाचत नाही. मी मोजणी करत नव्हतो. नकाशे ठेवायच्या खोलीत होतो. कोणी मागितला की काढून द्यायचा, परत आला की कपाटात ठेवायचा. तीस वर्षं. रोस्माइनीला माहीत आहे. तिने कधी कोणाला सांगितलं नाही. दातुकलासुद्धा.

येल्वी खाली वाकून 'मी थांबते' म्हणाली होती, तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. तेव्हाही माहीत होतं.

क्रँक लेथवर जाईल. बेरिंग एक नाही, दोन नंबर जाड लागणार. शामसीरला म्हटलं, तूच कर. म्हणाला, महिनाभर लागेल. म्हटलं, लागू दे.

२२ मार्च, शनिवार

येल्वी आणि बाळ घरी आली. पिकअपमधून. मीही होतो, मागे. कोबी नव्हते.

हात आता बरे आहेत, नखांच्या कडेला फक्त थोडं. येल्वीने मुलीला माझ्याकडे दिलं. म्हणाली, आबा, डोकं सांभाळा. सांभाळलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि रडायला लागली. झुलवलं, रडली. गायलो, जास्त रडली. दातुक म्हणाला, आणा इकडे. त्याच्या खांद्यावर तिसऱ्या सेकंदाला झोपली.

खरखरीत आवाज तिला आवडतो, असं दिसतं.

अंगणात गाडीची जागा मोकळी आहे. रोस्माइनी म्हणाली, लंगोट वाळत घालायला इथे दोरी बांधा. फणसापासून खांबापर्यंत बांधली. ओढून पाहिली. पक्की होती. दुपटी, लंगोट, झबली, सगळं मीच वाळत घातलं. दुरून छान दिसत होतं.

चार वाजता गाठ सुटली. सगळं मातीत.

पुन्हा धुतलं. मीच. रोस्माइनी शेजारी बसून पिळू लागली.

दोरी परत बांधली. गाठ दातुकने मारली.