यंदा शर्ट कापू देणार नाही

शनिवार, ५ ऑक्टोबर. सकाळी.
निश्चय पक्का. यंदा शर्ट वाचवायचा.
आमच्या शिकारीच्या कॅम्पचा रिवाज जुना आहे. हरणावरचा नेम चुकला की सासरेबुवा कात्रीने शर्टाचं मागचं टोक कापतात आणि नाव-साल घालून शेगडीमागच्या भिंतीवर ठोकतात. त्या भिंतीवरच्या माझ्या एकट्याच्या शर्टांची गोधडी होईल. मेहुणा डेनी म्हणतो, "दाजी, अजून दोन सीझन या, खिडक्यांना पडदे होतील." त्याचा एकही तुकडा नाही. तो दुकानातली स्वस्तातली काडतुसं मारतो, तीही वर्षभर ट्रकच्या डॅशबोर्डवर तापलेली.
यात माझा दोष काय? काहीच नाही. दोष काडतुसांचा. कारखान्यात दारू कमी-जास्त भरतात. यापुढे मी स्वतः भरणार. तळघरात काडतुसं भरायचा प्रेस बसवला. बायकोचं, आर्लीनचं, इस्त्रीचं टेबल तात्पुरतं गराजमध्ये.

रविवार, ६ ऑक्टोबर.
आर्लीनने विचारलं, "टेबल कुठंय?" चर्चला तसाच चुरगळलेला शर्ट घालून गेलो. विज्ञानासाठी किंमत मोजावी लागते.

बुधवार, ९ ऑक्टोबर.
दारूचा दाणा न् दाणा तोलून घेतो. तराजू एवढा नाजूक की त्याच्याजवळ श्वाससुद्धा घ्यायचा नाही. नेमकी आर्लीन जिन्यावरून ओरडली, "मर्ल, जेवायला ये!" काटा हलला. सगळं पहिल्यापासून. तिला बजावलं, भरणी चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही. ती म्हणाली, "बरं." मग जेवायलाही बोलावलं नाही. बटाटा भरलेल्या गार पिरोगी उभ्यानेच खाल्ल्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर.
क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर पहिली चाचणी. यश!! तीन गोळ्या बोटभर अंतरात. चौथी कागदाच्या कोपऱ्यात गेली, पण तेव्हा वारा होता. पाचवी शेजारच्या माणसाच्या कागदावर सापडली. ती त्याचीच असणार. तो नाही म्हणत होता. काही लोकांना चूक कबूल करायला जड जातं.

शनिवार, १९ ऑक्टोबर.
दारू कांकणभर वाढवली. पुन्हा तीन चांगल्या, दोन भरकटलेल्या. आज वारा नव्हता. बेंच डुगडुगतं. क्लबकडे तक्रार करणार.
या भरणीची उरलेली काडतुसं 'नापास' डब्यात टाकली.

शनिवार, २६ ऑक्टोबर.
आर्लीन रेंजवर आली. म्हणाली, "मी एक-दोन मारू का?" बापाच्या कॅम्पात वाढलेली बाई, हौस असते. चांगली काडतुसं कशाला वाया घालवा, म्हणून 'नापास' डबा पुढे केला. तिने चार मारल्या. कागदावर भोक एकच, जरा मोठंसं. तिला समजावलं, बाकीच्या तीन कागदाला लागल्याच नसाव्यात, मन खट्टू करू नकोस. ती नुसती चष्मा पुसत बसली.
परतताना म्हणाली, "मर्ल, घोडा दाबताना तू डोळे मिटतोस."
मी म्हटलं, त्याला एकाग्रता म्हणतात.

तोच दिवस, संध्याकाळी.
पुन्हा कागद बघितला. भोक एकच आहे, पण कडा चार ठिकाणी फाटलीय. म्हणजे चारही तिथूनच गेल्या! लखकन् प्रकाश पडला. 'नापास' डबाच खरा पास! आजवर सगळं उलटं चाललं होतं. आर्लीनला सांगितलं. ती वर निघून गेली. थक्क झाली असावी.

शनिवार, २ नोव्हेंबर.
'नापास'मधली उरलेली मारली. दोन कागदावर, बाकी मातीत. मागच्या आठवड्यात आर्लीनने नळी तापवून ठेवली, त्याचा परिणाम. रायफल दुसऱ्याच्या हातात देऊ नये ते यासाठी.

रविवार, १७ नोव्हेंबर.
खरं कारण सापडलं! गोळी काडतुसाच्या पितळी नळकांडीत किती खोल बसवायची, इथे सगळं अडलं होतं. मापासाठी एक नमुना केला. आत दारू नाही, बुडाला ठिणगी पाडणारा प्राइमर नाही, नुसती गोळी बसवलेली. पॉलिश करून आरशासारखा चकचकीत केला. बाकीची सगळी याच्याच मापाने भरली. या भरणीने कागदावर मारलं नाही. गरजच नाही, गणितच सांगतंय.

गुरुवार, २८ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग.
सगळे जेवायला आमच्याकडे. सासरेबुवा टर्की कापत म्हणाले, "जावईबापू, कात्रीला धार लावून आणलीय." टेबल खदखदलं. मी म्हटलं, "यंदा गंजेल ती." म्हातारा हसला. छान हसतो. इतक्या वर्षांत मला एकदाही शाब्बास म्हणाला नाही. एकदा म्हणावं, बस्स. दुसरं काही नको मला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. कॅम्पवर.
सगळी काडतुसं जाकिटाच्या एकाच खिशात. उजव्या. सकाळी गोंधळ नको. झोप छान लागणार.

शनिवार, ३० नोव्हेंबर.
लिहावंसं वाटत नाही.
माझ्या मचाणावर सासरेबुवा स्वतः येऊन बसले. "कात्री जवळ असलेली बरी," म्हणाले. उजाडलं आणि समोर नर आला. आठ टोकांची शिंगं. इतका जवळ की पापण्या दिसत होत्या. खिशातून सगळ्यांत देखणं काडतूस निवडलं, भरलं, नेम धरला, घोडा दाबला.
टक्.
बार नाहीच. मी भरला होता तो नमुना. पण खांदा मात्र दाणकन मागे गेला, डोळे घट्ट मिटले आणि उघडले तेव्हा नळी झाडाच्या मुळाकडे बघत होती. धक्का नव्हता, आवाज नव्हता, तरी. नर माझ्याकडे बघून सावकाश चालता झाला. सासरेबुवांनीही बघितलं. सगळं.
म्हणजे वारा नव्हता. बेंच डुगडुगत नव्हतं. तो शेजारी खरं बोलत होता.
कॅम्पवर कात्रीचा विषय मीच काढला. शर्ट पँटमधून बाहेर ओढून पाठमोरा उभा राहिलो. सासरेबुवा म्हणाले, "बार नाही, तर चूक नाही. नियम म्हणजे नियम." मग माझ्या ताटात मटणाचा पहिला तुकडा वाढून हळूच म्हणाले, "आर्लीनला घेऊन रेंजवर जात जा, बाळा. मी तिला नीट शिकवलंय." आजवर कधी बाळा म्हणाले नव्हते. डेनी ताटात बघत म्हणाला, "दाजी, मीठ देऊ?" पडद्यांचं नाव नाही, काही नाही.
पहिल्यांदाच अख्खा शर्ट घेऊन घरी चाललोय. कापला असता, तर निदान सगळे हसले तरी असते.