अव्वाचा पाऊण तास

उमरगा, सोमवार

गुरुलिंगअण्णांना धाकट्या बहिणीचा, इरम्माचा शरणार्थ.

मुंबईहून तुमचं पत्र आलं. विमानाच्या कारखान्यात लागल्यापास्नं पहिल्यांदाच विमानात बसलात. हैदराबाद ते मुंबई चारशे मैल, अडीच तासांत गाठलंत. उमरगं तर पाऊण तासातच खाली आलं म्हणता. आमाला मोटारीनं तेवढ्याला अख्खा दिवस लागतो.

पुढं लिहिलंय, "विमान लई खालनं गेलं. अंगणात गर्दी दिसली. मधी अव्वा भिंतीला टेकून बसलेली, पिवळी इरकल, गळ्यात हार. माझं विमान बघायला गाव जमवलं व्हय गं? म्या हात हलवला, पर तिनं वर बघितलंच न्हाय."

अण्णा, त्या दिवशी पहाटंच आपली माय, अव्वा गेली. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला नटवून बसवतात, हे वरनं तुमच्या ध्यानात आलं न्हाय. तार केली होती, पर ती हैदराबादेत पोचायच्या आत तुम्ही निघाला होता. आता तुमच्या खोलीवर पडून असंल.

तुम्ही लिहिलंय, "मंगळवारी त्याच वाटंनं परत येतो, अव्वाला तिथंच बसव."

चार कागद लिहून चुलीत घातले. ह्यो पण धाडणार न्हाय. अव्वाची तसलीच दुसरी इरकल पेटीतनं काढलीय. उद्या इभूत लावून भिंतीशी मी बसते. तुम्ही हात हलवा, या बारीला अव्वा बी हलवंल. इथनं त्या तारेपर्यंत पाऊण तास हाय. तेवढा येळ तरी ती तुमच्यापाशी राहू दे.

तुमच्या अव्वाच्या जागी बसलेली,
इरम्मा