नऊ रंगांतली आई

धामणगाव बढे,
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. मंजूस,

दादाचे आशीर्वाद. तुम्ही सगळे अकोल्यात बरे असाल. इकडे पाऊस बरा झाला, कपाशी कमरेला लागली. स्टुडिओत शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो सोडले तर काम नाही. आई गेल्यापासून दुपारी घरी जात नाही. भाकरी बांधून आणतो आणि शटर अर्धं ओढून इथेच खातो.

प्राचीला आजीचं कार्टूनसारखं चित्र हवं होतं, ते सोबत पाठवतोय. एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. फोटोतले रंग कमी करायचे, मग चेहऱ्याच्या कडांवर काळी रेघ चढवायची. रंग किती ठेवायचे तो आकडा आपणच टाकायचा. मी चार टाकला. आईच्या ओठांवरचं, डोळ्याभोवतीचं पांढरं कोड गेलं. चेहरा एकसारखा झाला, छान दिसत होता. पण ती कोणी दुसरीच बाई होती. आकडा वाढवत गेलो. नऊवर कोड परत आलं, आणि आई आली. तेच छापलं.

तू विचारशील, हा फोटो कुठला. तुझ्या लग्नातला. तुझ्या अल्बममध्ये तो आहे, पण त्यात आई नाही. ती मांडवाच्या खांबाआड उभी होती, तुझ्याकडे बघत. अल्बम करताना ती कडेची पट्टी मी कापली. जुन्या डिस्कवर अख्खा फोटो सापडला.

पुढचं फोनवर सांगायला जमलं नसतं.

त्या दिवशी आई ओटीचं ताट घेऊन स्टेजकडे निघाली होती. मी कॅमेरा खाली घेतला आणि तिला म्हणालो, "आई, तू मांगंच राह्य. तिकडचे पाहुणे पाहून राह्यले."

"मंजूले वाईट वाटंन."

"मी सांगतो तिले."

"हाव," म्हणाली. पदर तोंडावर ओढला आणि मागे फिरली.

तुला मात्र मी सांगितलं, आईला हे लग्न पसंत नाही म्हणून ती वर येत नाही. तू रडलीस. नंतर इतकी वर्षं तिच्याशी कामापुरतंच बोललीस, आणि मी ते बघत राहिलो.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तिला विचारलं, "मंजूले खरं सांगून टाकू काय?"

ती म्हणाली, "नको. मंग तुले कोण राहीन?"

तिच्या शब्दासाठी गप्प राहिलो असं म्हणता येईल. पण ते खरं नाही. मला ते सोयीचं होतं.

चित्र प्राचीला दे. माझं तोंड पाहू नये असं वाटलं तर मी समजेन. आईवरचा राग तेवढा सोड.

आईचा मुलगा, आणि तू म्हणशील तर तुझा दादा,
जानराव