भूर्ज की कायापुटी

९ फेब्रु., सोम.
पार्किंगमागच्या झाडाची साल आज पुन्हा कोणीतरी ब्लेडने काढली. दुसऱ्या मजल्यावरच्या गोखलेकाकांनी "हे मंत्र लिहायचं भूर्ज" असं सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यापासून परीक्षेच्या मंत्रासाठी दहावीतल्या मुलांच्या आया सुटल्यात. हिमालयातलं भूर्ज म्हणे, ठाकुर्लीत!

१२, गुरु.
जवळ जाऊन नीट बघितलं. भूर्जाच्या सालीवर आडव्या रेघा असतात, इथे एकही नाही. नुसते मऊ पापुद्रे, थरावर थर. भूर्जाचं पान रुंद, कडेला दाते. हे अरुंद, कड साधी. कुस्करलं तर निलगिरीचा वास. निलगिरीच्या कुळातली कायापुटीच, शंका नाही.
एका बाजूने साल आतल्या ओल्या भागापर्यंत सोललीय. सगळीकडून अशी गेली की झाड मेलं. काकांना सांगायला निघाले, तर जिन्यात सुहास. आमचा सेक्रेटरी, माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "बाई, ते झाड काढलं तर चार गाड्या बसतील. पण काकांमुळे सगळे घाबरलेत. तुम्ही बघून मीटिंगमध्ये सांगा ना. भूर्ज नसेल तर लगेच परमिशनला टाकतो."
काकांकडे न जाता घरी आले. खरं सांगितलं तर करवत, गप्प बसले तर ब्लेड.

२२, रवि.
मीटिंग. सुहासने सगळ्यांसमोर विचारलं. "भूर्जच आहे," म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही, त्याचीच लाज वाटली. वर आणखी एक ठोकून दिलं: ओरबाडलेल्या सालीवर लिहिलं तर उलटं फळतं, आपोआप गळलेलीच घ्यायची.
काकांनी मान डोलावली. "शास्त्रात आहेच तसं." कुठल्या, ते त्यांनाच ठाऊक. जन्मभर विज्ञान शिकवलं मी!

२४, मंगळ.
ब्लेड बंद. आया खाली पडलेले पापुद्रे वेचतात. बुंध्याला हळदकुंकू. त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

२६, गुरु.
आत्ता सुहास आला. हातात चुरगळलेलं पान.
"बाई, याला निलगिरीचा वास येतोय. भूर्जाला येतो का?"
"पान कुस्करायला कोणी सांगितलं तुला?"
"तुम्हीच. आठवीत."
बस म्हटलं, चहा टाकते. उकळी येईपर्यंत हे लिहितेय. पान टीपॉयवर ठेवून तो बाहेर बसलाय. त्याच्या लक्षात राहिलं याचा केवढा आनंद झाला, आणि त्याला काय सांगायचं ते अजून ठरत नाहीये.