तुळईची पेटी

३ मार्च
भिंत पाडली आज! माझ्या खोलीची, मागची. मी पलंगासकट पुढच्या खोलीत. नाकातोंडात धूळ, पण खरं सांगायचं तर मजा आली. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन महिने घरात नुसतं हळू बोलणं चाललंय.
लेक म्हणतो, "आई, तुझी खोली मोठी करतोय. खुर्ची फिरायला जागा हवी." चाकांची खुर्ची म्हणायचं त्याच्या जिवावर येतं.

५ मार्च
भिंतीच्या जागी लोखंडी तुळई बसली. वरच्या मजल्याचा भार आता तिच्यावर. छताखाली फूटभर उतरलीय.

६ मार्च
वाजलं आमचं. लेकाला खोलीभर फॉल्स सीलिंग हवंय. "एकदम सपाट, आई! तुळई दिसणारच नाही. वर दिवे." मी म्हटलं, तुळईलाच तेवढी बोर्डाची पेटी करा, बाकी छत आहे तिथे राहू दे.
"मधोमध ढब्ब दिसेल ते!"
दिसू दे. अख्खं घर पेलतेय, तिने तोंड का लपवायचं?
मिस्त्री मध्ये पडला — "आजी, हल्ली सगळे सीलिंगच करतात." सगळे! सगळे काय माझ्या पलंगावर झोपणार आहेत? बत्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेत मी. कागद मागितला. छत नऊ फुटांवर. तुळईखाली आठ. सांगाडा, बोर्ड धरून सीलिंग येणार पावणेआठवर. पंखा टांगला की पाती डोक्याशी. आणि मागे सरकवून बांधलेल्या नव्या भिंतीतला झरोका सव्वासात ते सव्वाआठ — म्हणजे अर्धा गुडूप! पडून असलेल्या माणसाला आभाळ तिथूनच दिसतं.
मिस्त्रीने कागद नीट वाचला. "मापं बरोबर आहेत, साहेब." गडी प्रामाणिक आहे.

८ मार्च
लेक बोलत नाही. मीही नाही.

९ मार्च
सूनबाई आली मनधरणीला. "ऐका ना आई, एवढं एक. कुणी आलं-गेलं तर बरं दिसतं." माझ्या खोलीत कोण येतंय? डॉक्टर! ती नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "तुम्ही ना, आई..." आणि उठूनच गेली.

११ मार्च
सांगून टाकलं — सीलिंग मारलंत तर मी पुढच्या खोलीतून हलायची नाही. पाहुणे आले की बसवा माझ्या पायथ्याशी!
दुपारी पेटी ठोकायला सुरुवात.

१६ मार्च
आले खोलीत. पेटी पांढरीशुभ्र, कडा सुतात. वर मोकळं, ऐसपैस. झरोक्यातून एक घार दिसली, बराच वेळ.
लेक दारात उभा. "पटलं का आता?" विचारलं. त्याने मान डोलावली. डोळे ओले वाटले. "धूळ गेली," म्हणाला. रंग वाळून तीन दिवस झाले, धूळ कुठली!

१९ मार्च
एक गृहस्थ आले. घरांची दलाली करतात म्हणे. टेप लावून खोली मोजली. लेकाला म्हणाले, "ठीक आहे, पण सीलिंग असतं तर गिऱ्हाइकाने लगेच घेतलं असतं."
गिऱ्हाईक? मी लेकाकडे पाहिलं. तो फरशीकडे.
"घर कुणाच्या नावावर आहे, ठाऊक आहे ना?" मी त्या माणसाला विचारलं.
"तुमच्या, आजी. सहीसाठीच तर आलोय." पेन पुढे केलं त्याने.
टोपण लावून परत दिलं.