विक्री शून्य, वाचक भरपूर

३ जून, सकाळी
ऑनलाइन पुस्तकांच्या दुकानाची मेल आली. सहा महिन्यांत एकही प्रत खपली नाही, तर पुस्तक साइटवरून काढून टाकणार. मुदत ३० जून. ‘जळालेलं गोदाम’ची विक्री म्हणे शून्य!
हसूच आलं. बारा वर्षं खपून लिहिलेली कादंबरी. मेहुण्याने घेतली, ताईने घेतली, ऑफिसातल्या कॅशियरने तर दोनदा वाचली. शून्य कसं असेल? एक तर यांचं मशीन बिघडलंय, नाहीतर हे चोर आहेत. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याला कोणी वाली नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक.
पण गाठ माझ्याशी आहे. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात माझी उभी हयात गेली. समोरचा थापा मारतोय की नाही, हे तो खुर्चीत बसायच्या आत मला कळतं.

५ जून
हेल्पलाइनला फोन. मुलगी म्हणाली, तुमच्या भावना समजतात. म्हटलं, भावना राहू द्या, मोजणी बघा. तिने संगीत लावून दिलं आणि नंतर फोनच कापला.
साइटवर माझ्या कादंबरीचं नाव टाकून पाहिलं. आधी गोदामाची कुलपं आली, मग आग विझवायची सिलिंडरं, मग एका बड्या प्रकाशकाच्या बारा कादंबऱ्या. चौथ्या पानावर मी. ही म्हणाली, निदान दिसतंय तरी. हिला मार्केटिंग कळत नाही.

८ जून
ठरलं. ज्यांनी पुस्तक घेतलं, त्या सगळ्यांकडून ऑर्डर नंबर गोळा करायचे आणि पुराव्यासकट तक्रार ठोकायची.
मेहुण्यापासून सुरुवात. तो म्हणाला, भाओजी, शेवट काय जबरदस्त केलात! ऑर्डर नंबर मागितला, तर म्हणाला आवाज तुटतोय. मग फोनच तुटला. त्याच्या भागात नेटवर्कची बोंबच आहे.

११ जून
ताई म्हणाली, पुस्तक शेजारीण घेऊन गेली आणि तिने ते जावेला दिलं. नंबर नाही, पण वाचक वाढले!
कॅशियर जेवणाच्या सुट्टीत जागेवर सापडत नव्हता. शेवटी जिन्यात गाठला. काय आवडलं विचारलं, तर म्हणाला, हिरो. कादंबरीत हिरो नाहीच, गोदामाची मालकीण आहे. तिच्यातला कणखरपणा त्याच्यापर्यंत पोचला म्हणायचा. फार खोलवर वाचणारा माणूस. नंबर उद्या देतो म्हणाला.

१७ जून
कॅशियर रजेवर.
ही म्हणाली, दुकान फुकट वाचायला पहिली काही पानं दाखवतं, त्यात नुसतं तुमचं मनोगतच आहे, तेही अर्धं. गोष्ट सुरू व्हायच्या आत माणूस कंटाळून जाईल, कापा ते. कापा म्हणे! त्यात सगळ्यांचे आभार आहेत. साहेब, मेहुणा, ताई, कॅशियर, लिफ्ट दुरुस्त करणारा (दुसरं प्रकरण लिफ्टमध्ये अडकलो असताना सुचलं होतं).
हिने विचारलं, सगळ्यांचे? म्हटलं, एकूण एक. मग म्हणाली, कपाटातली प्रत द्या, वाचते. म्हटलं, ती संग्रहासाठी आहे, प्लास्टिक काढायचं नाही. ती भांडी घासायला गेली. पटलं असावं.

२२ जून
जेवण जात नाही. तासातासाला साइट उघडतोय. शून्य.
स्वतःच एक प्रत मागवावी, असं मनात आलं. छे! तत्त्व म्हणून काही आहे की नाही? शिवाय नियमही वाचलेत. लेखकाने किंवा त्याच्या घरच्यांनी विकत घेतलेली प्रत धरत नाहीत, वर खातं बंद करतात. चांगला नियम आहे, मीच केला असता. हिला सांगणार होतो, पण तिला काय करायचंय नियमांशी!

२४ जून
विक्री : एक!!!
वाचलो! कोण असेल? अनोळखी, चोखंदळ, बहुधा प्राध्यापक. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. कॅशियर एकदम हात धुवायला गेला.

२७ जून
हिचं पार्सल आलं. म्हटलं, पुन्हा चपला? दिवसभर ती आतल्या खोलीत. भात करपला.

२९ जून
दुकानाची मेल. खरेदी लेखकाच्याच पत्त्यावरून झालेली आहे, सबब संशयास्पद. पुस्तक हटवलं, खातं बंद. शेवटची ओळ : ‘हा निर्णय अंतिम असून याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.’
ही ओळ मी रोज लोकांना पाठवतो. आपल्याला आली की कशी वाटते, ते आज कळलं.

३० जून, संध्याकाळी
हिने पुस्तक समोर ठेवलं. शेवटपर्यंत वाचलंय. मालकीण फार आवडली म्हणाली. तिसऱ्या प्रकरणात मेलेला चौकीदार नवव्या प्रकरणात चहा पितो, तिथे पेन्सिलने खूण केली आहे. मग एवढंच विचारलं, की मनोगत दोनदा वाचलं, त्यात मी कुठे आहे?
म्हटलं, घरच्यांचे आभार मानायचे नसतात. ती म्हणाली, ताई आहे, माझा भाऊ आहे, लिफ्टवालासुद्धा आहे. लाज वाटली. म्हटलं, आत्ता दुरुस्त करतो, पहिल्याच ओळीत घालतो. कॉम्प्युटर लावला. खातं बंद.
तेवढ्यात मेहुण्याचा फोन. पुस्तक काढून टाकलं? अरेरे, भाओजी, आत्ताच आणखी पाच प्रती मागवणार होतो!
आज आवाज अगदी स्वच्छ येत होता. ऑर्डर नंबर मात्र मी विचारला नाही.